कुठलं औंध? कुठलं युनिक्स?

पुण्यात कुणाला ‘औंधला जायचंय’ म्हटले की तो विद्यापीठाच्या चौकातून पुढे जाणारा रस्ता दाखवतो. वडूजच्या किंवा रहिमतपूरच्या एसटी स्टँडवर हेच वाक्य उच्चारले तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे यमाईचा डोंगर, राजवाडा आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे संग्रहालय उभे राहते. हिंगोलीकडच्या माणसाला घाईत औंढा नागनाथ ऐकू येते. जुन्या इंग्रजी पुस्तकांत तर उत्तरेतल्या अवधचे स्पेलिंग आपल्या औंधच्या इतके जवळ जाते की वाचताना चष्मा पुसावा लागतो. म्हणून इकडचा माणूस पत्ता सांगताना आपणहून म्हणतो, ‘आमचं सातारचं औंध.’

पण ‘सातारचं’ म्हटल्यानेही सगळे मिटत नाही. औंध संस्थानात 72 गावे होती आणि ती एका सलग पट्ट्यात नव्हती. औंध आणि किन्हई साताऱ्याकडे, माणदेशातली आटपाडी आणि कुंडल आज सांगली जिल्ह्यात, गुणदाळ तर विजापूरकडे. किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 साली ‘औंधात’ उभा राहिला असे वाचून कुणी औंध गावात त्याच्या खुणा शोधायला गेला तर हात हलवत परत येईल. तो कारखाना औंध संस्थानाच्या जमिनीवर, पण कुंडलजवळ होता. म्हणजे ‘औंध’ हे एकाच वेळी एका गावाचे नाव, एका राज्याचे नाव आणि पुण्याच्या एका उपनगराचेही नाव. तिन्ही खरी. प्रश्न एवढाच की बोलणाऱ्याच्या मनात कोणते आहे.

गावाच्या नावाचा घोटाळा कंडक्टर एका प्रश्नात सोडवतो. तंत्रज्ञानातला घोटाळा इतक्या सहज सुटत नाही, आणि त्याचे सर्वांत लांबलेले उदाहरण म्हणजे ‘युनिक्स’. हे नाव ऐकून ‘आपला काय संबंध’ असे वाटेल. पण हा मजकूर मोबाइलवर वाचत असाल तर तुमच्या हातात युनिक्सच्याच घराण्यातले कुणीतरी आहे. त्यावर तसे लिहिलेले मात्र कुठेही नाही. आजचा मुद्दा नेमका तोच आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकातला कारभारी. कुणाला किती वेळ यंत्र वापरायला द्यायचे, कुठली फाइल कुठे ठेवायची, कुणाला आत येऊ द्यायचे, हा सगळा कारभार ती पाहते. 1960च्या दशकात अमेरिकेत एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून ‘मल्टिक्स’ नावाची एक भव्य ऑपरेटिंग सिस्टीम बांधायला घेतली. काम वाढत गेले, हाती काही लागेना, तेव्हा 1969 मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतले. तिथल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी एका लहानशा पीडीपी-7 यंत्रावर स्वतःची आटोपशीर सिस्टीम लिहायला सुरुवात केली. ‘मल्टी’ म्हणजे अनेक, ‘युनि’ म्हणजे एक. मल्टिक्सची टिंगल म्हणून तिचे नाव पडले ‘युनिक्स’. नाव सुचवण्याचे श्रेय त्यांचे सहकारी ब्रायन कर्निगन यांना दिले जाते. म्हणजे पुढे ज्या नावावरून कोर्टकचेऱ्या झाल्या ते नाव मुळात ऑफिसातला एक विनोद होता.

नाव कसे लिहायचे इथपासूनच गोंधळ सुरू झाला. सगळी अक्षरे मोठी की फक्त पहिले? अनेकांना वाटते की मोठ्या अक्षरांतले नाव हे कशाचे तरी लघुरूप असावे. तसे काही नाही. रिची यांनी पुढे सांगितले ते असे, की त्या वेळी हाती नवे अक्षरजुळणीचे साधन आले होते आणि छोट्या आकारातली कॅपिटल अक्षरे छापता येतात याची त्यांना नवलाई वाटत होती. नवलाई संपली, अक्षरे राहिली. आज ट्रेडमार्कमध्ये हे नाव मोठ्या अक्षरांतच नोंदलेले आहे.

आता घराण्याच्या वाटणीकडे येऊ. बेल लॅब्ज ही एटीअँडटी या बलाढ्य टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. 1956 सालच्या एका न्यायालयीन तडजोडीनुसार या कंपनीला टेलिफोनखेरीज दुसऱ्या धंद्यात उतरण्याची मुभा नव्हती. त्यामुळे युनिक्स विकता येईना; ते विद्यापीठांना सोर्स कोडसकट, नाममात्र मोबदल्यात मिळू लागले. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने त्यात इतकी भर घातली की 1978 पासून त्यांची स्वतःची आवृत्ती ‘बीएसडी’ या नावाने बाहेर पडू लागली. 1984 मध्ये एटीअँडटीचे विभाजन झाले, जुनी बंधने सुटली आणि कंपनी ‘सिस्टीम फाइव्ह’ नावाचे युनिक्स जोमाने विकू लागली. एका घराच्या दोन चुली झाल्या.

चुली दोन, पण आडनावावर हक्क एकीचाच. ‘युनिक्स’ हे एटीअँडटीचे नोंदणीकृत नाव असल्याने परवाना घेऊन विकणाऱ्या कंपन्यांनीही आपापली नावे शोधली. मायक्रोसॉफ्टचे झेनिक्स, डेकचे अल्ट्रिक्स, आयबीएमचे एआयएक्स, एचपीचे एचपी-यूएक्स, सिलिकॉन ग्राफिक्सचे आयरिक्स. होय, विंडोज घराघरांत पोहोचण्याआधी मायक्रोसॉफ्टही युनिक्स विकत होती, फक्त त्याला युनिक्स म्हणत नव्हती. शेवटी ‘क्स’चा उच्चार हीच कुळाची खूण उरली. नात्याचा अंदाज नावाच्या शेपटावरून बांधायचा, असा प्रकार.

आकड्यांची तर वेगळीच तऱ्हा. एटीअँडटीच्या ‘सिस्टीम थ्री’नंतर बाजारात थेट ‘सिस्टीम फाइव्ह’ आले; मधले चौथे कंपनीच्या आतच राहिले. बर्कलीची अडचण उलटी होती. त्यांच्या चौथ्या आवृत्तीनंतर पाचवी यायची होती. पण ‘पाच’ म्हटले की ग्राहकांचा सिस्टीम फाइव्हशी घोळ होईल, अशी हरकत एटीअँडटीने घेतली. मग बर्कलीने पाच हा आकडाच सोडून दिला. 4.1, 4.2, 4.3 असे करत 1993 मध्ये गाडी 4.4 वर येऊन थांबली. आत मोठमोठे बदल झाले होते, इंटरनेटचा पाया ठरलेली भर पडली होती, आणि बाहेर मात्र दशांशाचे टिंब तेवढे पुढे सरकत होते.

सन कंपनीने याच्याही वर कडी केली. तिच्या ‘सनओएस’चा वंश आधी बर्कलीचा होता. नंतर कंपनीने आतली जडणघडणच बदलून सिस्टीम फाइव्हची घेतली आणि नाव ठेवले ‘सोलॅरिस 2’. मग सोलॅरिस 1 कुठे गेले? तर जुन्या सनओएसलाच मागाहून ‘सोलॅरिस 1’ म्हणायचे ठरले. पुढे सोलॅरिस 2.6 नंतर एकदम सोलॅरिस 7 आले. आणि यंत्रालाच ‘तू कोण’ असे विचारले तर ते उत्तर देई, ‘सनओएस 5.7’. एकाच वस्तूची जाहिरातीतली ओळख एक आणि आतली दुसरी.

इथवर वाचून हसू येईल. पुढचा भाग हसण्यासारखा नाही. 1992 मध्ये बर्कलीच्या कोडवर आधारलेली सिस्टीम विकणाऱ्या बीएसडीआय या छोट्या कंपनीवर एटीअँडटीच्या युनिक्स शाखेने दावा लावला. तक्रारीचे एक कारण होते त्या कंपनीचा फोन नंबर. अक्षरांत वाचला तर त्याचा अर्थ ‘हे युनिक्स आहे’ असा होत होता. दावा मग कोडच्या मालकीपर्यंत गेला. 1994 च्या सुरुवातीला तडजोड झाली तेव्हा सुमारे 18,000 फाइलींपैकी काढून टाकाव्या लागल्या त्या फक्त तीन. पण मधली दीड-दोन वर्षे बर्कलीच्या वारशावर शंकेचे सावट राहिले. त्याच काळात फिनलंडमधल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये सुरू केलेले लिनक्स फोफावले. बर्कलीची सिस्टीम तेव्हा साध्या पीसीवर मिळत असती तर आपण कदाचित लिनक्स लिहिलेच नसते, असे त्यानेच नंतर सांगितले आहे.

लिनक्सच्या नावाचीही कथा आहेच. टॉरव्हाल्ड्सला ‘फ्रीक्स’ नाव हवे होते. सर्व्हरवर जागा देणाऱ्या मित्राने परस्पर ‘लिनक्स’ या नावाचा फोल्डर केला आणि तेच रूढ झाले. पण लिनक्स हा खरे तर फक्त गाभा. त्याच्याभोवतीची बरीचशी साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातून आली. ‘ग्नू’चा विस्तारच मुळी ‘ग्नू म्हणजे युनिक्स नव्हे’ असा आहे. स्टॉलमन यांचा आग्रह आजही आहे की पूर्ण सिस्टीमला ‘ग्नू-लिनक्स’ म्हणावे. लोक ऐकत नाहीत. सोय म्हणून नाव आखूड होते आणि आखूड होताना कुणाचे तरी श्रेय गळून पडते.

मालकीची वाट तर आणखी वाकडी. 1993 मध्ये नॉव्हेल कंपनीने एटीअँडटीकडून युनिक्सचा धंदा घेतला. लगोलग ‘युनिक्स’ हे नाव एक्स-ओपन या संस्थेकडे सोपवण्यात आले. तीच पुढे ‘द ओपन ग्रुप’मध्ये सामील झाली. 1995 मध्ये कोडचा व्यवसाय ‘सांताक्रूझ ऑपरेशन’ म्हणजे एससीओ या कंपनीने घेतला. नाव एकाकडे, कोडचा धंदा दुसऱ्याकडे. आपल्याकडच्या अनेक बँकांच्या शाखांत 1990च्या दशकात काउंटरमागे याच एससीओचे युनिक्स चालत असे. तेव्हाच्या बँक कर्मचाऱ्यांना काळ्या पडद्यावरचा तो लॉगिन आठवत असेल. 2001 मध्ये एससीओने हा विभाग लिनक्स विकणाऱ्या कॅल्डेरा कंपनीला विकला आणि स्वतःचे नाव बदलून टॅरेंटेला केले. मग कॅल्डेराने स्वतःचे नाव बदलून ‘एससीओ ग्रुप’ केले आणि 2003 मध्ये लिनक्समध्ये आपला कोड घुसवल्याचा आरोप करत आयबीएमवर दावा लावला. जुने नाव, नवी कंपनी. अनेकांना वाटले, बँकांना युनिक्स पुरवणारी तीच ही. 2007 मध्ये न्यायाधीशांनी आणि 2010 मध्ये ज्यूरीने सांगितले की युनिक्सचे कॉपीराइट मुळात नॉव्हेलकडून गेलेच नव्हते. आयबीएमबरोबरचे भांडण तडजोडीने मिटायला 2021 साल उजाडले. एका नावाच्या आणि एका खरेदीखतातल्या संदिग्ध कलमाच्या पायी 18 वर्षे!

आज परिस्थिती अशी, की ‘युनिक्स’ म्हणवून घ्यायचे असेल तर ओपन ग्रुपची परीक्षा द्यावी लागते आणि शुल्क भरावे लागते. 2007 मध्ये ॲपलने मॅकसाठी ही मान्यता मिळवली. चीनमधल्या हुआवेच्या ‘यूलरओएस’लाही ती मिळाली, आणि ती तर लिनक्सवर बांधलेली. उलट फ्रीबीएसडी ही बर्कलीच्या कोडची थेट वंशज. पण तिने ती मान्यता घेतलेली नाही, म्हणून तिने स्वतःला युनिक्स म्हणायचे नाही. पोटचा मुलगा आडनावाविना फिरतो आणि दत्तक आलेला पाटीवर नाव लावतो. कायद्याने यात काही वावगे नाही. मात्र नावावरून रक्ताचे नाते ओळखायला जाणारा इथे हमखास फसतो.

आपल्याकडेही हे सारे आहे. पुण्यातल्या सी-डॅकने, म्हणजे त्या दुसऱ्या औंधच्या वाटेवरच्या विद्यापीठाच्या आवारातून, 1998 मध्ये ‘परम 10000’ महासंगणक दिला. तो सनच्या यंत्रांवर, सोलॅरिसवर चालत होता. त्यानंतरचा ‘परम पद्म’ आयबीएमच्या प्रोसेसरवर आणि एआयएक्सवर. दोघांचे आडनाव ‘परम’. आतल्या सिस्टीम युनिक्सच्याच घराण्यातल्या, पण दोन भिन्न शाखांच्या. 2017 च्या अखेरीपासून तर जगातल्या पहिल्या 500 महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. सी-डॅकचीच ‘बॉस’ ही भारतीय भाषांसाठीची सिस्टीमही लिनक्सवरच उभी आहे. जानेवारी 2023 मध्ये आयआयटी मद्रासच्या छत्राखालून ‘भारओएस’ ही मोबाइलची सिस्टीम ‘स्वदेशी’ म्हणून मांडली गेली. ती अँड्रॉइडच्या मुक्त कोडवर बेतलेली, म्हणजे तिच्या पोटातही लिनक्सचाच गाभा.

यात लाजण्यासारखे काही नाही. मुक्त कोड घेऊन आपल्या गरजेचे घडवणे हे शहाणपणाचे काम आहे आणि साऱ्या जगात तेच चालते. खटकते ते एवढेच की ‘स्वदेशी’ या एका शब्दात आजोळ झाकले जाते. आणि आजोळ झाकले की धोका सुरू होतो.

तो कसा, ते डॉक्टरकडे गेलेल्या प्रत्येकाला कळेल. पन्नाशीच्या माणसाला तपासताना डॉक्टर विचारतात, ‘घरात कुणाला मधुमेह होता का? वडिलांना हृदयविकार?’ आडनाव विचारून त्यांना काही कळत नसते; त्यांना कूळ हवे असते. सॉफ्टवेअरलाही आनुवंशिक आजार असतात. सप्टेंबर 2014 मध्ये ‘शेलशॉक’ नावाचा दोष उघडकीला आला. ग्नू प्रकल्पातल्या ‘बॅश’ या छोट्या पण सर्वत्र असणाऱ्या कार्यक्रमात तो सुमारे 25 वर्षे दडून बसला होता. बाहेरच्या माणसाला त्यातून दुसऱ्याच्या यंत्रावर आपल्या आज्ञा चालवता येत होत्या. लिनक्सचे सर्व्हर तर त्यात सापडलेच. पण मॅकमध्येही तोच बॅश होता. ‘आमच्याकडे लिनक्स नाही’ म्हणून निर्धास्त बसलेल्यालाही धोका होता, कारण वाण नावातून येत नाही, वंशातून येतो. ज्या संस्थांना आपल्या यंत्रांची वंशावळ माहीत होती त्या लगेच कामाला लागल्या. ज्यांच्याकडे नुसती पाटी होती त्यांना आधी शोधत बसावे लागले. रुग्णालयातली तपासणी यंत्रे, बँकेचे सर्व्हर, घरातला वायफायचा राउटर, यांतल्या कित्येकांच्या आत हेच घराणे नांदते. उद्या दोष सापडला तर कुणाला फोन करायचा, हे नाव सांगत नाही.

औषधांच्या दुनियेने हा धडा जिवाची किंमत मोजून घेतला आहे. आपल्याकडचा गाजलेला खटला ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या दोन औषधांचा. दोन्ही फाल्सिपेरम जातीच्या गंभीर हिवतापावरची, नावे कानाला सारखी, घटक मात्र वेगळे. आणि बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या नावात ‘कॅडिला’, कारण एकाच मूळ उद्योगाच्या वाटणीतून दोघींनाही ते नाव वापरायचा हक्क मिळालेला. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इतर मालापेक्षा औषधांच्या नावांतल्या साम्याकडे अधिक कडक नजरेने पाहिले पाहिजे. इथे चूक झाली तर नुकसान पैशांचे होत नाही, जिवाचे होते. युनिक्सची दुहेरी वाटणी आणि कॅडिलाची वाटणी शेजारी ठेवून पाहा. दुखणे एकच आहे.

पण औषधांकडे एक उपायही आहे, तो संगणकवाल्यांनी घेण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटना 1950च्या दशकापासून प्रत्येक औषधी द्रव्याला एक सार्वजनिक नाव देते. ते कुठल्याही कंपनीच्या मालकीचे नसते आणि त्यातून कूळही कळते. ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन: ‘स्टॅटिन’ म्हणजे कोलेस्टेरॉलवरचे. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल: ‘ओलॉल’ म्हणजे बीटा ब्लॉकर. ब्रँड कोणताही असो, पट्टीवर हे नाव छापावेच लागते. म्हणून परगावी गोळी संपली तरी दुकानदाराला नेमके सांगता येते. संगणकात याच्या जवळ जाणारा प्रयत्न एकदा झाला. ‘युनिक्स’ नाव वापरता येत नाही, पण सगळ्यांच्या सिस्टीम एकमेकांशी जुळल्या पाहिजेत, म्हणून 1988 मध्ये एक सार्वजनिक मानक तयार झाले. त्याला ‘पॉसिक्स’ हे नाव सुचवले ते त्याच स्टॉलमन यांनी. कुणाचे कूळ काय, याच्याशी पॉसिक्सला देणेघेणे नाही. वागणूक कशी असावी एवढेच ते सांगते. तेही मोलाचे आहे. पण कुळाची नोंद तरीही वेगळी ठेवावीच लागते.

कुणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला? नावे गोंधळाची असूनही युनिक्सचे घराणे जगभर पसरलेच ना? उलट प्रत्येकाने आपापले नाव लावून प्रयोग केले म्हणूनच ते वाढले. यात तथ्य आहे. सगळ्यांना एकाच नावाच्या दावणीला बांधले असते तर बर्कलीची भर पडली नसती आणि लिनक्सही जन्माला आले नसते. नावे अनेक असावीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नाव सांगून कूळ लपवण्याबद्दल. बीजाच्या पिशवीवर कंपनीचे नाव कितीही मोठे असो, शेतकरी वाण विचारतोच. ते विचारायचा त्याला हक्क आहे.

औंधचे स्वतःचे उदाहरण देऊन थांबतो. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळांत सक्तीचे केले, त्यावर पुस्तके लिहिली, आणि 1938 मध्ये लंडनमध्ये निघालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच ‘दहा’ हा आकडा होता. त्यांच्या नमस्कारात दहा स्थिती होत्या. आज अनेक वर्गांत बारा स्थिती शिकवतात. म्हैसूरच्या परंपरेतून जगभर गेलेल्या अष्टांग योगात ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन प्रकार आहेत, आणि त्यांची मोजणी आणखी निराळी. याखेरीज मंत्रांसह घातले जाणारे पूजेतले नमस्कार वेगळेच. सगळ्यांचे नाव एकच. त्यामुळे ‘सूर्यनमस्काराने रक्तदाब उतरतो’ असे वाक्य कुठे वाचले की पहिला प्रश्न पडायला हवा: कुठला सूर्यनमस्कार? किती? किती वेगाने? कुणी घातलेला? पाठीचा किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसासाठी दहा आणि बारातला, सावकाश आणि झपाट्यातला फरक हा शब्दांचा खेळ नाही. संशोधकांनी पद्धत नेमकी लिहिली नाही, तर दोन अभ्यासांचे निष्कर्ष एका तराजूत घालताच येत नाहीत.

म्हणून मागणी साधी आहे. सरकारी पैशातून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणक प्रणालीच्या कागदावर ब्रँडच्या खाली तीन ओळी असाव्यात: हिचा गाभा कोणाचा, ती कोणते सार्वजनिक मानक पाळते, आणि दोष सापडला तर दुरुस्ती कोण आणि किती वर्षे देणार. ‘स्वदेशी’ म्हणणाऱ्यांनी या ओळी सर्वांत आधी छापाव्यात. त्याने त्यांचा मान वाढेल. रुग्णालयांनी यंत्रे घेताना याच तीन गोष्टी विचाराव्यात. आणि आरोग्याचा सल्ला देणाऱ्यांनी, आम्ही लिहिणारेही त्यात आलो, नाव सांगून थांबू नये.

साताऱ्याच्या स्टँडवर ‘औंध’ म्हटल्यावर तिकीट फाडण्याआधी कंडक्टर विचारतो, ‘कुठलं औंध, आपलं का पुण्याचं?’ त्या एका प्रश्नाला दोन सेकंद लागतात आणि माणूस भलत्या गावी उतरत नाही.